कांदाचाळीचा डबा: एप्रिल ते ऑगस्ट २०२५ च्या नोंदी, कुठे कुठे आपटलो त्यासकट

आम्ही दोघं, मी आणि माझा पार्टनर. दोघंही पुण्यात नोकरी करतो आणि शनिवार-रविवार हे उद्योग. कांदाचाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवा खेळणाऱ्या शेडमध्ये, ठेवलेला कांदा सडायला लागला की शेतकऱ्याला लगेच कळवणारा डबा बनवायचा अशी आयडिया होती. डबा अजून झालेला नाही. पण तो नेमका कुणासाठी आणि कशासाठी हे ठरवताना जे घोळ घातले ते लिहून ठेवतोय, म्हणजे असलं काही करायला घेणाऱ्याचे पैसे तरी वाचतील.

१२ एप्रिल, शनिवार

मामांचा फोन, निफाड तालुक्यातून. गेल्या वर्षी २५ टनी चाळीतला बराच कांदा सडला, यंदा काहीतरी करा म्हणाले, तुम्ही पुण्याची पोरं एवढं कॉम्प्युटरचं शिकलात. फोन ठेवला आणि तासाभरात आम्ही ऑनलाइन ऑर्डर टाकली सुद्धा. दोन ईएसपी३२ (वायफाय असलेले छोटे कंट्रोलर बोर्ड), चार एमक्यू-१३५ गॅस सेन्सर, तीन डीएचटी२२ (तापमान-आर्द्रतेचे सेन्सर), दोन सिम८००एल (सिमकार्डवरून मेसेज पाठवणारे मॉड्यूल), बॅटऱ्या, वायरी, प्लास्टिकचे डबे. बिल ४,३८० रुपये.

मामांना काय विचारलं? काहीच नाही. काय सडला, किती सडला, कधी कळलं, कुणाला कळलं, एक प्रश्न नाही. हे आज लिहिताना लाज वाटतेय पण त्या दिवशी असं वाटत होतं की काम सुरू झालं.

२० एप्रिल, रविवार

दोन संध्याकाळी वाया. सेन्सरचं रीडिंग कधी येतंय कधी शून्य, वायर बदलल्या, सेन्सर बदलला, शेवटी कळलं की आम्ही सेन्सर एडीसी-२ च्या (सेन्सरचं व्होल्टेज वाचणाऱ्या पिनांच्या दुसऱ्या गटाच्या) पिनला लावलाय आणि वायफाय चालू असताना ईएसपी३२ वर त्या पिना चालत नाहीत. एडीसी-१ वर घेतला, लगेच चालला.

दुसरं म्हणजे बॅटरी. एमक्यू-१३५ च्या आत हीटर असतो, तो पाच व्होल्टवर साधारण १५० मिलिअँपिअर सतत खातो. १८६५० ची (बोटभर लांबीची रिचार्जेबल लिथियम) एक बॅटरी लावून रात्री झोपलो, सकाळी डबा मेलेला. चाळ घरापासून लांब असली तर तिथे लाइट असेलच असं नाही, मग सोलर लावा, मग डबा मोठा, मग किंमत वाढली. तेव्हाच थांबून विचार करायला पाहिजे होता. आम्ही काय केलं, तर सोलर पॅनलचे रेट बघत बसलो.

३ मे, शनिवार

पहिली फेरी. मामांकडे कांदा काढणी जोरात, उन्हाळ कांदा, शेतात पात टाकून झाकलेल्या पोळी, म्हणजे कांद्याचे ढीग. मामांची चाळ दुपाखी, म्हणजे कप्प्यांच्या दोन ओळींची, ४० फूट लांब, दोन्ही बाजूंना आठ-आठ फुटांचे पाच कप्पे, म्हणजे एकूण दहा. कप्प्याची रुंदी चार फूट, कांदा भरायचा पाच फुटांपर्यंत, खालून दीड-दोन फूट मोकळं म्हणजे हवा खेळते. एका कप्प्यात साधारण २५ क्विंटल बसतो.

गेल्या वर्षीचा थोडा सडका कांदा मामांनी मुद्दाम एका पाटीत ठेवला होता. डबा जवळ नेला, रीडिंग चढलं, आम्ही खूश. तेवढ्यात ट्रॉली लावायला ट्रॅक्टर मागे घेतला त्याचा धूर आला आणि रीडिंग सडक्या कांद्याच्या दुप्पट वर गेलं! शेजारच्या वावरात फवारणी चालू होती, त्यानेही हललं. एमक्यू-१३५ ला अमोनिया, धूर, अल्कोहोल सगळंच कळतं, फक्त नेमकं काय ते कळत नाही. मामा हसून म्हणाले, "हा डबा तर माझ्या बिडीवर पण ओरडंल."

तरी आम्ही गावातल्या नऊ जणांना दाखवला आणि विचारलं, असा डबा दीड हजारात मिळाला तर घ्याल का? नऊच्या नऊ जण म्हणाले हो घेऊ की. त्याच जोशात परतताना गाडीतच ठरवलं आणि रात्री वीस पीसीबी, म्हणजे डब्याच्या छापील सर्किट पाट्या, ऑर्डर केल्या. ७,२०० रुपये. हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महागडा मूर्खपणा, आणि त्याचं कारण ते नऊ होकार. पाहुणा पुण्याहून आलाय, मामांचा भाचा आहे, चहा पाजलाय, त्याला तोंडावर नाही कोण म्हणेल?

१० मे, शनिवार

गावाकडे अवकाळी सुरू. इकडे पुण्यात आम्ही जे पहिल्या दिवशी करायचं ते चार आठवड्यांनी केलं, म्हणजे यावर आधी कुणी काय केलंय ते शोधलं. चाळीतला गॅस ओळखून सांगणाऱ्या यंत्रावर काम केलेले लोक नाशिक जिल्ह्यातच निघाले. दोन दिवस पार्टनर तोंड पाडून बसला होता.

मग एका कागदावर लिहून काढलं की सडण्यावर आज शेतकऱ्याकडे काय काय आहे. एक, चाळ नीट बांधणं, राजगुरुनगरच्या कांदा लसूण संशोधन संचालनालयाच्या शिफारशीत रुंदी-उंची-हवा याचं सगळं आहे. दोन, टिकणारं वाण लावणं. तीन, लासलगावचं भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्र (तिथे कांद्यावर गॅमा किरण सोडतात), २००२ पासून आहे, पण ते मुख्यतः कोंब येऊ नये म्हणून, सड लागलेल्या कांद्यावर त्याचा इलाज नाही. चार, लवकर विकून मोकळं होणं. पाच, नाक. सहा, काहीच न करणं आणि नुकसान धरून चालणं. हे सहावं आम्ही धरलंच नव्हतं आणि खरी स्पर्धा त्याच्याशीच आहे हे पुढे कळलं.

आजपासून वहीची पद्धत बदलली. पानाचे तीन भाग: पाहिलं, ऐकलं, वाटलं. ३ मेच्या नोंदी या तीन भागांत उतरवून काढल्या तर 'पाहिलं' मध्ये चार ओळी, त्यातली एक ट्रॅक्टरच्या धुराची. बाकी पानभर 'वाटलं'.

२५ मे, रविवार

कालच मान्सून केरळात पोचला, इतक्या लवकर. निफाडला त्याआधीपासूनच पाऊस. शेतातल्या पोळी भिजल्या, मामांनी दोन कप्पे भिजलेल्या कांद्याने भरले कारण दुसरा इलाजच नव्हता, कुठे ठेवणार. वातावरण असं की डबा काढून दाखवायची हिंमत झाली नाही, आणि ते बरंच झालं.

निघताना गाडीतच दोन प्रश्न लिहून घेतले होते आणि ठरवलं होतं की 'घ्याल का' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. पहिला प्रश्न: गेल्या वर्षी सडका कांदा पहिल्यांदा कधी दिसला, कुणाला, आणि त्यानंतर त्या दिवशी काय केलं? दुसरा: मग चाळ कधी फोडली, म्हणजे कप्पा उघडून कांदा निवडायला कधी काढला?

मामांना विचारलं तर ते म्हणाले, श्रावणात कधीतरी, नीट आठवत नाही. तेवढ्यात आतून मामी म्हणाल्या, "त्यांना काय माहीत, मी सांगितलं त्यांना." तिथून पुढे तासभर मामीच बोलल्या आणि मी नुसता लिहीत होतो. रोज सकाळी चाळीखालून झाडायला त्या जातात. खालच्या मातीवर ओला डाग दिसला की वर सडलंय, कारण सडका कांदा पाणी सोडतो. वासाच्या आधी डाग दिसतो, मग चिलटं येतात, मग वास. गेल्या वर्षी डाग दिसला त्याच दिवशी त्यांनी मामांना सांगितलं होतं.

मग चाळ फोडली कधी? सतरा दिवसांनी!

का? तर एक म्हणजे मजुरीला बायका मिळत नव्हत्या, निंदणी चालू होती. दुसरं, भाव वाढेल असं सगळे म्हणत होते. तिसरं, एकदा कप्पा फोडला की कांद्याला हात लागतो, पत्ती म्हणजे वरचं साल उडतं, परत भरून ठेवला तर तो टिकत नाही, म्हणजे फोडला की विकायचाच. चौथं, डाग जिथे पडतो तिथेच वर सड असेल असं नाही, पाणी घरंगळत खाली येतं, त्यामुळे शेजारचा कप्पा फोडला गेला तर मजुरी पण गेली आणि चांगला कांदा पण उघडा पडला.

म्हणजे सडतंय हे कळत नव्हतं असं नव्हतंच. पहिल्याच दिवशी कळलं होतं, फुकट, मामींना. आणि आम्ही काय बनवत होतो, तर कळवणारा डबा.

७ जून, शनिवार

घरी बसून हिशोब. मामांचेच आकडे घेतले, कुठला सरासरीचा आकडा नको म्हटलं. एक कप्पा २५ क्विंटल. निवडायला चार बायका एक दिवस, हजेरी ३५०, म्हणजे १,४००. भाव १,३०० रुपये क्विंटल धरला. डाग दिसल्या दिवशी फोडला तर साधारण एक क्विंटल सड, तीन आठवडे थांबलं तर साडेतीन, हा मामांचा अंदाज. म्हणजे वाचले अडीच क्विंटल, ३,२५०, त्यातून मजुरी वजा करून हातात १,८५०. हे बरोबर कप्पा फोडला तर. एक चुकीचा फोडून मग बरोबर फोडला तर ४५० उरतात. दोन चुकले तर उलट खिशातून जातात. यात चांगल्या कांद्याची पत्ती उडाली त्याचा हिशोब धरलेलाच नाही.

हे पान बघितल्यावर कळलं की प्रश्न 'सडतंय का' हा नाही, 'कुठला कप्पा' हा आहे. आणि दीड हजाराचा डबा कप्पा सांगू शकत नाही, दहा कप्प्यांना दहा डबे लागतील, पंधरा हजार. मामा कशाला घालतील?

पार्टनरशी भांडण झालं. त्याचं म्हणणं पीसीबी आल्यात, आता निदान एक तरी लावून बघू. माझं म्हणणं ते ७,२०० गेले, आता त्यांच्यामागे अजून पैसे घालायचे नाहीत. शेवटी असं ठरलं की यापुढे कुठलीही गोष्ट करून बघायच्या आधी, काय दिसलं तर ती सोडून द्यायची हे तारखेसकट वहीत लिहायचं आणि दोघांनी सही करायची. सहीचं त्याने सुचवलं, मला आधी बालिश वाटलं होतं. नंतर दोनदा उपयोगी पडलं, कारण माणूस आपल्या आवडत्या आयडियाला नापास करायची वेळ आली की पासिंगचे मार्कच कमी करतो.

२२ जून, रविवार

पुढची आयडिया: प्रत्येक कप्प्यात भोकं पाडलेला पाऊण इंची पाइप आडवा, बाहेरच्या तोंडाला बूच. सकाळी बूच काढायचं आणि वास घ्यायचा, वास आला तर तोच कप्पा. ना बॅटरी ना सिम. पाइपचा खर्च ९६०. वहीत लिहिलं: तीन आठवड्यांत मामी स्वतःहून पाइप वापरत नसतील तर बंद.

भरलेल्या चाळीत पाइप घुसतच नाही! पाच फूट कांद्याचा दाब, थोडा जोर लावला की कांदे सोलले जातात. तो भरतानाच ठेवावा लागतो आणि भरणी तर मे महिन्यातच संपली. शेतीच्या वस्तूला वर्षातून एकच मुहूर्त असतो हे आम्हाला जूनमध्ये कळलं. एप्रिलमध्ये गॅस सेन्सरशी खेळण्याऐवजी चाळ भरताना दोन दिवस नुसतं उभं राहिलो असतो तरी हे दिसलं असतं.

मामांच्या हातापाया पडून भिजलेल्या कांद्याचा एक कप्पा फोडून घेतला, तसाही तो जाणारच होता. बायकांची मजुरी १,४०० आम्ही दिली. निवडलेला कांदा दोन पाइप ठेवून परत भरला.

१३ जुलै, रविवार

पाइप नापास. मामींनी एकदाच बूच काढलं, आम्ही फोन केला होता म्हणून. बाकी तीन आठवडे पाइपला हात नाही, कारण तोंड चाळीच्या बाहेरच्या बाजूला, तिथे पावसाने चिखल, आणि मामी झाडतात खालून. म्हणजे त्यांच्या रोजच्या वाटेवर ती वस्तूच नव्हती. वरून अजून एक: ड्रिलने भोकं पाडल्यावर कडेला प्लास्टिकचं कुसळ राहतं, ते आम्ही घासलंच नव्हतं. त्याने पाइपलगतचे कांदे ओरखडले गेले आणि सड लागली ती नेमकी पाइपच्याच कडेने. सड शोधायला ठेवलेल्या पाइपने सड लावली. मामा काही बोलले नाहीत, तो कांदा फक्त हातात आणून दिला, काळपट, बोट लावलं की दबणारा.

वहीतली अट बघितली, सही बघितली, बंद.

जेवताना मामी सहज म्हणाल्या की डाग लगेच दिसला तर किती क्लिअर कळतं, पण काळ्या मातीवर ओलं नि सावलीतलं सारखंच दिसतं, पांढरं काही असतं तर. आधी पांढरी ताडपत्री अंथरली. वाऱ्याने ती वर फुगून चाळीच्या तळाला चिकटली, म्हणजे खालची हवाच बंद, लगेच काढली. मग १८० रुपयांचा चुना आणला आणि चाळीखाली पातळ थर मारला. कप्प्याच्या रेघा पण चुन्यानेच मारल्या आणि खांबांवर एक ते दहा आकडे.

पार्टनर म्हणाला, तीन महिने झाले आणि प्रॉडक्ट काय, तर शेतकऱ्याला चुना लावायचा. मी दहा मिनिटं हसत होतो.

२ ऑगस्ट, शनिवार

चुना चालतोय. सात नंबरच्या कप्प्याखाली डाग दिसला, मामींनी नंबर सांगितला, यावेळी चार दिवसांत फोडला आणि सड तिथेच निघाली. एका डागावरून मी काही सिद्ध झालं म्हणणार नाही, शिवाय पाऊस तिरका आला की चुना धुऊन जातो आणि परत मारावा लागतो. पण गावात तीन घरांनी बघून आपापल्या चाळीखाली मारला, आम्हाला न विचारता. तीन महिन्यांत आमचं एवढंच काहीतरी आपोआप पसरलं आणि त्यात विकण्यासारखं काही नाही, चुना दुकानात मिळतो.

आज मे महिन्यातल्या त्या नऊ जणांकडे परत गेलो. यावेळी प्रश्न नाही, पावती पुस्तक. डबा पुढच्या हंगामात, आज २०० रुपये जमा करा, नाही जमला तर परत. मे मध्ये नऊ होकार होते, आज पैसे दोघांनी दिले. एक मामांचे मित्र, ते भिडेखातर, ते धरत नाही. दुसरे शेतकरी कमी आणि व्यापारी जास्त, पिंपळगावच्या बाजूला त्यांचं खळं, म्हणजे विकत घेतलेला कांदा निवडायची-भरायची जागा, आहे आणि विकत घेतलेला कांदा ते आठ चाळींमध्ये ठेवतात, त्यातल्या पाच भाड्याच्या, तीन वेगवेगळ्या गावांत. दोनशे काय, ते हजार द्यायला तयार होते.

का, असं विचारलं नाही. विचारलं की मागच्या वेळी सड कशी कळली. म्हणाले, गाडी भरायला गेलो तेव्हा.

परतताना संगमनेरपर्यंत आम्ही दोघंही गप्प होतो, मग पार्टनरच म्हणाला, "ज्याच्या चाळीवर मामी नाही, त्याला डबा पाहिजे." हे वाक्य त्या रात्री वहीत 'वाटलं' मध्येच लिहिलंय, 'पाहिलं' मध्ये नाही, कारण असा माणूस आतापर्यंत एकच भेटलाय.

मग एका पानावर लिहून काढलं. कुणासाठी: ज्याचा कांदा त्याच्या नजरेआड साठवलाय. कुठला निर्णय: आज कुठल्या चाळीवर माणूस पाठवायचा. कप्पा सांगणार नाही, तो तिथे गेलेला माणूस बघेल, चुना आहेच. भावाचा अंदाज नाही, ॲपमध्ये हवामान नाही, घरच्या घरी साठवणाऱ्या शेतकऱ्याला विकायचं नाही. शेवटच्या ओळीवर मी अडलो होतो, कारण सुरुवात मामांसाठी केली होती. मामांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, बरं झालं, मला नकोच होता.

हे पान लिहायला दोन तास लागले. १२ एप्रिलला लिहिता आलं असतं का? नाही, तेव्हा मामी आणि खळेवाले दोघंही माहीत नव्हते. पण १२ एप्रिलला पान कोरं ठेवून त्यावर फक्त 'कुणासाठी' आणि 'कुठला निर्णय' एवढं लिहिलं असतं तरी ते कोरं दिसलं असतं, आणि मग ऑर्डर टाकायला हात धजावला नसता असं मला वाटतं. पार्टनरला तसं वाटत नाही. तो म्हणतो आपण टाकलीच असती.

२३ ऑगस्ट, शनिवार

आतापर्यंतचा खर्च: सामान ४,३८०, पीसीबी ७,२००, पाइप ९६०, मजुरी १,४००, चुना १८०, सहा फेऱ्यांचा डिझेल-टोल १५,६००. एकूण २९,७२०. यात उपयोगी पडलेलं म्हणजे फेऱ्या, मजुरी आणि चुना. वीस पीसीबी कपाटात आहेत, कुणाला पाहिजे असतील तर घेऊन जा.

आज खळेवाल्यांच्या एका भाड्याच्या चाळीवर संध्याकाळी पाच ते रात्री दहा नुसते बसलो. डबा नेला नव्हता. लाइट आहे, म्हणजे बॅटरीचा प्रश्न इथे जवळपास सुटतो. ट्रॅक्टर दिवसातून दोनदा येतो, त्यामुळे धुराचा प्रश्न आहे तसाच, कदाचित रीडिंग फक्त पहाटे घ्यावं लागेल, बघू. वास मात्र सहा वाजताच आम्हाला दोघांना आला. तिथे राखणीला असलेल्या काकांना विचारलं तर म्हणाले, चार दिवस झाले येतोय. मालकांना सांगितलं का? तर म्हणाले, मला कुणी विचारलं नाही आणि माझं काम चोर बघायचं.

त्यांच्याकडे कीपॅडचा फोन आहे, रिचार्ज मालक करतात. पार्टनरने गेल्या आठवड्यात ॲपचे सात स्क्रीन काढले होते, ते बाजूला ठेवलेत. उद्यापासून आठवडाभर फक्त एवढंच करायचं: मालकांनी रोज सकाळी सात वाजता काकांना एक फोन करायचा आणि विचारायचं, वास येतोय का. वहीत अट लिहिलीय: मालकांनी सातपैकी पाच दिवस स्वतःहून फोन केला तर डबा लागत नाही. दोघांच्या सह्या झाल्यात.